कळतं सगळं, मग शब्द का फुटत नाही? मुलांच्या बोलण्यातल्या हालचालींच्या दोषांविषयी

नाशिकमध्ये बोलण्याच्या तक्रारीसाठी येणाऱ्या मुलांच्या फायली हल्ली जाडजूड असतात. एका कागदावर 'उशिरा बोलणारं मूल' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'जीभ जड', तिसऱ्यावर 'ऑटिझम' आणि पुढे प्रश्नचिन्ह. अलीकडे त्यात एका शब्दाची भर पडली आहे. मोबाईलवर रील बघून आईवडील तो शब्द स्वतःच घेऊन येतात: अ‍ॅप्रॅक्सिया. मूल समोर बसलेलं असतं. 'आजीचा चष्मा कुठंय?' विचारलं की पर्समधून काढून देतं, एका दमात सांगितलेल्या दोन गोष्टी बरोबर करतं, भावाची खोडी काढून हसतं. बोलायला गेलं की मात्र 'पाणी'चं काहीतरी भलतंच होतं.

मी इथे स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. 'मॅडम, त्याला कळतं सगळं, मग बोलता का येत नाही?' हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. पुष्कळदा त्याचं उत्तर कानात सापडतं, कधी भाषेच्या वाढीत, कधी माणसांत मिसळण्याच्या अडचणीत. पण काही मुलांच्या बाबतीत ते हालचालीत असतं. काय म्हणायचंय हे मुलाला ठाऊक असतं, पण ते म्हणण्यासाठी ओठ, जीभ, टाळू, श्वास यांची जी जुळणी लागते ती जमत नाही. याला मोटर स्पीच डिसऑर्डर म्हणतात. त्याचं निदान चुकलं की वर्षंच्या वर्षं चुकीच्या व्यायामात जातात, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

'पाणी' म्हणताना तोंडात काय होतं

'पाणी' हा शब्द अगदी सावकाश म्हणून बघा. आधी ओठ मिटतात आणि त्यांच्यामागे हवा कोंडते. ओठ उघडतात, स्वरतंतू कंप पावू लागतात, जबडा खाली येतो आणि 'आ' होतो. मग जिभेचं टोक वर वळून टाळूला टेकतं. त्याच वेळी पडजिभेजवळचा मऊ टाळू खाली उतरतो, कारण 'ण'ची हवा नाकातून जायची असते. पुढच्याच क्षणी तो वर जाऊन नाकाची वाट बंद करतो आणि जीभ पुढे सरकून 'ई' करते. हे सगळं साधारण अर्ध्या सेकंदात उरकतं. त्यातही गंमत अशी की 'प'साठी ओठ मिटलेले असतानाच जीभ आतल्या आत 'आ'च्या जागेवर जाऊन थांबलेली असते. म्हणजे आवाज सुटे सुटे तयार होऊन मग जोडले जात नाहीत. ते एकमेकांत मिसळूनच तयार होतात.

मोठी माणसं गप्पा मारताना सेकंदाला साधारण ४ ते ६ अक्षरं बोलतात. त्यासाठी छातीपासून ओठांपर्यंत शंभरेक स्नायू एकमेकांच्या वेळा सांभाळून काम करतात. म्हणून बोलण्यात तीन वेगळी कामं असतात हे आधी मनात पक्कं करू या. पहिलं काम शब्द आणि वाक्य सुचणं, म्हणजे भाषा. दुसरं, त्या शब्दासाठी कुठली हालचाल कुठल्या क्रमाने आणि किती वेळ करायची याची आखणी. तिसरं, स्नायूंनी ती आखणी प्रत्यक्षात आणणं. मोटर स्पीचचे दोष दुसऱ्या आणि तिसऱ्या कामातले. पहिलं काम चोख असू शकतं, आणि म्हणूनच 'कळतं सगळं' हे आईचं निरीक्षण बहुतेक वेळा खरं असतं.

हे कौशल्य बाळात येतं कसं

बाळ आधी रडतं, मग हुंकार देतं, आणि साधारण ६ ते १० महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'दादादा' सुरू होतं. ही बडबड म्हणजे वाचेचा पहिला खरा सराव. सुरुवातीला बहुतेक काम एकटा जबडा करतो आणि ओठ-जीभ त्याच्याबरोबर वरखाली होतात. 'मामा', 'बाबा', 'पापा' लवकर येतात याचं हे एक कारण. जबड्यापासून सुटून ओठांनी स्वतःचं काम करणं त्यानंतर येतं, आणि जिभेच्या टोकाने एक करायचं, मागच्या भागाने दुसरं, ही कसरत सर्वांत उशिरा. 'र', 'श', 'ळ' मुलांना उशिरा जमतात त्यामागे हेच आहे. चार वर्षांचं मूल 'रस्ता'ला 'लस्ता' म्हणतंय म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

बाळ स्वतःचा आवाज ऐकतं, मोठ्यांच्या आवाजाशी ताडून बघतं आणि पुढच्या वेळी जरा बदलतं. हजारो वेळा असं झालं की ती हालचाल अंगवळणी पडते आणि दर वेळी विचार करावा लागत नाही. म्हणून कान चांगले असणं ही पहिली अट. जिभा-ओठांच्या हालचाली मोजून बघितल्या, तर त्यांची स्थिरता मोठ्या माणसाइतकी व्हायला पौगंडावस्था उजाडते. कानाला बोलणं स्पष्ट वाटायला लागतं त्यानंतरही आत बरीच वर्षं घडाई चालूच असते.

ढोलपथकावरून तीन अडचणी समजून घेऊ

नाशिककरांना ढोल समजावून सांगायला नको. गणपतीच्या आधी मैदानांवर पथकांचा सराव चालतो तेव्हा नवख्या वादकांकडे नीट बघितलं तर चुकणारे सगळे सारखे चुकत नाहीत हे दिसतं.

एक मुलगा ताल चुकीचा शिकून आलेला असतो. हात दणकट, टिपरू पक्कं धरलेलं, पण दर फेरीला तीच थाप, त्याच जागी चुकीची. बोलण्यात असं मूल 'क'च्या जागी नेहमी 'त' म्हणतं: कप म्हणजे तप, काका म्हणजे ताता, केळं म्हणजे तेळं. चुकीला नियम असतो. हा मोटर दोष नाही. आवाजांचे नियम शिकण्यातला गोंधळ आहे, मुलांमध्ये सर्वांत जास्त हाच आढळतो आणि थेरपीला तो चांगली दाद देतो.

दुसऱ्या मुलाला ताल ठाऊक आहे, पण हातात जोर नाही, किंवा हात ताठ आहे, किंवा थरथरतो. थाप कमजोर पडते, उशिरा पडते. हा डिसार्थ्रिया. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारी वाट, मज्जातंतू किंवा खुद्द स्नायू यांत बिघाड असतो. आवाज बारीक, घोगरा किंवा नाकातून येतो, बोलणं संथ आणि लडबडलेलं वाटतं, एका श्वासात दोनतीनच शब्द निघतात. लाळ गळणं, चावताना-गिळताना त्रास होणं हेही बऱ्याचदा जोडीला असतं.

तिसऱ्या मुलाच्या हातात जोर आहे, तालही कानात पक्का आहे, पण थापांचा क्रम हातापर्यंत धडपणे पोचत नाही. एकदा पहिली थाप गळते, एकदा दोन थापांची अदलाबदल होते, एकदा मध्येच हात अडतो, आणि एखादी फेरी अचानक बिनचूक जाते. हा अ‍ॅप्रॅक्सिया: स्नायू ठीक, आखणीत गडबड.

काही मुलं या तिघांतही बसत नाहीत. त्यांचा हात नुसता उशिरा बसतो. आवाज थोडे धूसर, वेग कमी, पण वरची ठळक लक्षणं नाहीत. अशी मुलं संख्येने अ‍ॅप्रॅक्सियाच्या मुलांपेक्षा जास्त असतात आणि हल्ली तज्ज्ञ त्यांचा वेगळा गट मानतात. आणि एकाच मुलात दोन अडचणी असूच शकत नाहीत असं मुळीच नाही.

कारणं, आणि आईला दोष देणं थांबवण्याविषयी

मुलांमधल्या डिसार्थ्रियाचं सर्वांत मोठं कारण सेरेब्रल पाल्सी. जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा नंतर लगेच वाढत्या मेंदूला इजा होते: फार अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, मेंदूचा रक्तपुरवठा किंवा ऑक्सिजन कमी पडणं, मेंदूपर्यंत पोचलेला संसर्ग. आणखी एक कारण मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण ते टाळता येतं. नवजात बाळाची कावीळ फार वाढू दिली तर बिलिरुबिन मेंदूत साठतं आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रांना, शिवाय कानाच्या नसेलाही, कायमची इजा करतं. बाळाला कोवळ्या उन्हात धरून घरीच दिवस काढण्याऐवजी रक्त तपासून वेळेत फोटोथेरपी, म्हणजे निळ्या प्रकाशाखालचा उपचार दिला, तर हे सगळं वाचतं. मोठ्या मुलांत डोक्याला मार, मेंदूज्वर, स्नायूंचे काही आनुवंशिक आजार ही कारणं असतात.

अ‍ॅप्रॅक्सियाचं चित्र वेगळं आहे. तो दुर्मीळ आहे. हजारात एखाददुसरं मूल, असा नेहमी दिला जाणारा अंदाज. काही मुलांत तो मेंदूच्या ज्ञात इजेमुळे किंवा एखाद्या व्यापक वाढदोषाचा भाग म्हणून येतो, आणि अनेक मुलांत नेमकं कारण सापडतच नाही. जनुकांचा धागा मात्र स्पष्ट होत चालला आहे. इंग्लंडमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांमधल्या जवळजवळ निम्म्या माणसांना बोलण्याची ही अडचण होती. त्यांच्या रक्तावरून २००१ साली फॉक्सपी२ या जनुकातला बदल सापडला. त्यानंतर आणखी कितीतरी जनुकं पुढे आली. ऑस्ट्रेलियातल्या २०२० सालच्या एका अभ्यासात तपासलेल्या ३४ मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत असा बदल मिळाला. त्यातले बहुतेक बदल आईवडिलांकडून आलेले नव्हते, मुलात नव्यानेच झालेले होते.

'गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही', 'बाळाशी बोलत नव्हतीस', 'नोकरीला गेलीस', असं ऐकून रडवेल्या झालेल्या आया मी बघते. अ‍ॅप्रॅक्सिया आईच्या वागण्याने होत नाही. डिसार्थ्रियाही नाही. हे घरातल्या थोरांनी मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण ज्या घरात सून आरोपीच्या पिंजऱ्यात असते तिथे घरचा सराव होत नाही.

तपासणी: आधी कान, मग तोंड, मग बोलणं

पहिली पायरी कानांची. शाळेच्या वयाचं मूल बटण दाबून ऐकण्याची चाचणी देऊ शकतं. लहान बाळासाठी ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) आणि झोपेत होणारी बेरा (आवाज नसेवाटे मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) अशा चाचण्या आहेत. 'हाक मारली की बघतो' हे पुरेसं नाही. काही आवाज ऐकू येणं आणि 'स', 'श', 'फ' ऐकू येणं यात फरक आहे.

मग इतिहास: बाळ बडबडत होतं का की अगदी गप्प होतं, दूध ओढायला त्रास होता का, घट्ट अन्न कधी चावलं, झटके आले का, घरात आणखी कोणी उशिरा बोललं का. अ‍ॅप्रॅक्सिया असलेल्या बऱ्याच मुलांच्या आया सांगतात की बाळ फार शांत होतं, 'बाबाबा' फारसं केलंच नाही. मग मी तोंडात बघते: टाळू फाटलेला तर नाही, 'आ' म्हणताना मऊ टाळू दोन्ही बाजूंनी सारखा उचलला जातो का, जीभ दोन्हीकडे जाते का, ओठांत जोर किती, बसल्या जागी धड सरळ राहतं का. धड सावरलं नाही तर श्वास पुरत नाही, आणि श्वास पुरला नाही तर आवाज पुरत नाही.

यानंतर खरी परीक्षा. एका श्वासात 'आ' किती लांबवता येतो ते घड्याळ लावून बघतात. 'प प प', 'त त त', 'क क क' भराभर म्हणायला लावतात आणि शेवटी तिन्ही एकत्र. त्यासाठी मराठीत एक तयार शब्दच आहे: पताका. 'पताका पताका पताका' असं म्हणताना ओठ, जिभेचं टोक आणि जिभेचा मागचा भाग पाळीपाळीने लागतात. डिसार्थ्रियाचं मूल 'प प प'सुद्धा संथ किंवा अनियमित म्हणतं. अ‍ॅप्रॅक्सियाचं मूल सुटी अक्षरं बरी म्हणतं आणि 'पताका'वर येऊन अडखळतं.

नमुना म्हणून चार वर्षांची एक मुलगी घेऊ. तिच्यासमोर बटाट्याचं चित्र ठेवलं. पहिल्यांदा 'बआटा'. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, 'टटाबा'. तिसऱ्यांदा ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, जीभ जागा शोधत फिरली आणि 'मताट' निघालं. 'ट'ला दर वेळी 'त' म्हणणारं मूल तिन्ही वेळा 'बताता' म्हणालं असतं. इथे तीन प्रयत्नांत तीन वेगळ्या चुका आहेत. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २००७ साली अ‍ॅप्रॅक्सियाच्या ज्या तीन खुणा सांगितल्या त्यातली ही पहिली: तोच शब्द पुन्हा म्हणताना व्यंजनं आणि स्वर दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने चुकणं. दुसरी, एका आवाजातून दुसऱ्यात जाताना लांबलेला, तुटलेला सांधा. तिसरी, बोलण्याची लय आणि आघात बिघडणं. या खुणा एकत्र दिसायला हव्यात. एकीवर निदान करू नये.

तिसऱ्या खुणेबद्दल इथल्या थेरपिस्टांनी सावध राहायला हवं असं माझं ठाम मत आहे. ती इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून ठरली आहे, आणि इंग्रजीत शब्दातलं कुठलं अक्षर जोरात म्हणायचं यावर फार काही अवलंबून असतं. मराठीत तसं नाही. त्यामुळे मराठी मुलात मी शब्दावरचा जोर शोधत बसत नाही. 'मा-ला-पा-णी-दे' असं एकेक अक्षर सुटं, सारख्याच लांबीचं येतं का, प्रश्न विचारताना आवाज चढतो का, हे ऐकते. तसंच इंग्रजी शब्दांच्या यादीत 'ळ', 'ण', 'ढ', 'भ' सापडणार नाहीत, आणि 'चाक'मधला 'च' नि 'चित्र'मधला 'च' हा फरकही सापडणार नाही. मूल घरी मराठी, अहिराणी किंवा कोकणा बोलत असेल तर तपासणीचे शब्द त्याच बोलीतले हवेत.

शेवटी मदत देऊन बघतात. 'माझ्या तोंडाकडे बघ, माझ्याबरोबर सावकाश म्हण.' एवढ्यावर 'बटाटा' सुधारला तर वाट सोपी आहे. हनुवटीला, ओठांना हात लावून दिशा दाखवावी लागली तर काम मोठं आहे. मुलाला काय येत नाही याच्या इतकंच, किती मदतीवर येतं हेही मोलाचं असतं. म्हणून ही तपासणी दहा मिनिटांत उरकत नाही, दोनतीन बैठका लागू शकतात. तीन वर्षांखालच्या, मोजकेच शब्द असलेल्या मुलाच्या कागदावर 'अ‍ॅप्रॅक्सियाची शंका' एवढंच लिहिणं प्रामाणिक आहे. त्याच्याकडून पुरेसे शब्द मिळतच नाहीत, मग चुका ताडून कशा बघणार?

'एमआरआय नॉर्मल आहे, मग काहीच नाही ना?'

असं नाही. ज्यांच्यात दुसरी कुठली मेंदूची व्याधी नाही अशा अ‍ॅप्रॅक्सियाच्या मुलांचा एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. निदान बोलणं ऐकून होतं, चित्रावरून होत नाही. एमआरआय, ईईजी किंवा जनुकीय तपासणी करायची का, हे बालरोगतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ बाकीची लक्षणं बघून ठरवतात.

'त्याचा काकाही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता'

खरं असेल. दोन वर्षांच्या वयात कमी बोलणारी पुष्कळ मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात. पण ज्या मुलाचा शब्दसाठा संथ का होईना वाढतोय, खुणा करतंय, नवे आवाज काढून बघतंय, ते वेगळं. तीन वर्षं झाली तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शब्द, स्वरही चुकलेले, आलेला शब्द पुन्हा हरवतो, बोलायला गेलं की तोंड जागा शोधत राहतं, असं असेल तर काकाचा दाखला चालणार नाही. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं अनोळखी माणसाला बहुतेक कळायला हवं, हा ढोबळ ठोकताळा ठेवा. तपासून काही निघालं नाही तर नुकसान एका सकाळचं.

'जिभेखालचा दोरा कापला की सुटेल'

जिभेखालचा पडदा आखूड असेल तर काही बाळांना दूध ओढायला त्रास होतो आणि तेव्हा तो कापण्याचा उपयोग होऊ शकतो. पण त्याने अ‍ॅप्रॅक्सिया किंवा डिसार्थ्रिया सुधारत नाही. क्रम जुळवण्याची अडचण मेंदूत आहे, कात्री जिभेखाली चालते. वेखंड उगाळून मधातून चाटवण्याचंही तेच, त्याने शब्दांची आखणी येत नाही. एक वर्षाखालच्या बाळाला तर मध मुळीच देऊ नका. त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

'फुगे फुगवणं, पिपाणी, मेणबत्तीवर फुंकर हे तरी करू ना?'

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण यात लोकांचे पैसे आणि मुलांची वर्षं जातात. फुंकर मारायला शिकलं की मूल फुंकर चांगली मारतं. त्यातून 'प' येईल याला भक्कम पुरावा नाही. बोलण्याच्या हालचाली बोलूनच शिकता येतात. अ‍ॅप्रॅक्सियासाठी ज्या पद्धतींना आधार आहे त्यांत मोजके शब्द किंवा अक्षरजुळण्या निवडून त्यांची भरपूर उजळणी होते, मदत हळूहळू काढून घेतली जाते, आणि बरोबर-चूक नेमकं सांगितलं जातं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत ४ ते १२ वर्षांच्या २६ मुलांना आठवड्यातून ४ दिवस, रोज एक तास, असा ३ आठवडे सराव दिला. दोन वेगळ्या पद्धती वापरल्या आणि दोन्ही गटांतली मुलं सुधारली. आठवड्यातून एकदा अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं खेळणी काढण्यात, असल्या थेरपीने हे होणार नाही. रोज येणं शक्य नसेल तर थेरपिस्टकडून पाच शब्द घ्या आणि घरी दिवसातून तीनदा पाचपाच मिनिटं करा.

डिसार्थ्रियात भर वेगळ्या जागी असतो: बसण्याची ठेवण, श्वासावर ताबा, आवाजाचा जोर, वेग कमी करून छोटे वाक्यखंड. इंग्लंडमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना असं आठवड्यातून ३ बैठका, ६ आठवडे शिकवलं तेव्हा ओळखीच्या आणि अनोळखी, दोन्ही माणसांना त्यांचं बोलणं अधिक कळू लागलं. बोलणं अगदी निर्दोष होईल असं वचन मी कोणाला देत नाही. शाळेत, दुकानात, रिक्षावाल्याला कळेल इतकं व्हावं, हे ध्येय.

'चित्रांचा तक्ता दिला तर बोलायचा कंटाळाच करेल'

ही भीती स्वाभाविक आहे, पण अभ्यास उलटं सांगतात. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात चित्रं, खुणा किंवा बोलणारी उपकरणं दिल्यामुळे एकाचंही बोलणं घटलेलं आढळलं नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं अ‍ॅप आहे, त्यात चित्राला बोट लावलं की शब्द ऐकू येतो, आणि ते मराठीतही आहे. 'दुखतंय', 'नको', 'शू लागली' एवढं सांगता यायला लागलं तरी मुलाची चिडचिड, डोकं आपटणं कमी झालेलं मी बघितलं आहे.

दोन भाषांबद्दल थोडक्यात सांगते. सातपूर-अंबडला कारखान्यांमुळे घरी भोजपुरी, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी असं सर्रास असतं. त्याने हे दोष होत नाहीत, आणि घरची भाषा बंद केल्याने बरेही होत नाहीत. मोबाईलचंही तसंच. सतत स्क्रीनसमोर बसलेल्या मुलाशी बोलणं कमी होतं, भाषेला फटका बसतो, म्हणून तो कमी कराच. पण अ‍ॅप्रॅक्सिया मोबाईलने होत नाही आणि मोबाईल काढून घेतल्याने जात नाही.

जायचं कुठे

सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या पालकांना आधी अंगणवाडी गाठता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी येते: पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यायचं, वाढीतला उशीर दिसला की पुढे पाठवायचं. पुढे म्हणजे जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं जिल्हा केंद्र, अशी या कार्यक्रमात सोय आहे. पथक येईल तेव्हा ताईंना स्पष्ट सांगा की बोलण्याची तक्रार आहे. कमी बोलणारं मूल त्रास देत नाही, म्हणून गर्दीत सुटून जातं. गुंतागुंतीच्या निदानासाठी मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

खासगी थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वसन परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात गैर काही नाही, आमच्या भिंतीवर तो लावलेला असायलाच हवा. आणि पहिल्याच भेटीत, मुलाचा एक शब्दही तीनदा न ऐकता कोणी 'अ‍ॅप्रॅक्सिया, दोन वर्षांचं पॅकेज' म्हणालं तर दुसरं मत घ्या. निदान राहून जाणं जितकं वाईट, तितकंच उगाच चिकटवणंही.

येताना मोबाईलवर मुलाचे दोनतीन छोटे व्हिडिओ घेऊन या: जेवताना, खेळताना, आणि त्याच्या आवडीचा एकच शब्द वेगवेगळ्या दिवशी म्हणताना. मूल नवख्या खोलीत गप्प बसतं, तेव्हा हेच कामाला येतात. अंगणवाडीचं कार्ड, जन्माच्या वेळचे कागद, कानाचा रिपोर्ट बरोबर ठेवा. मूल दीडदोन वर्षांचं असलं तरी या. दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासून निदान बदलावं लागलं तर त्यात कमीपणा नाही, वाढत्या मुलात असंच व्हायचं. शाळेत गेल्यावर वाचन आणि शुद्धलेखनाकडेही लक्ष ठेवा. अ‍ॅप्रॅक्सियाच्या मुलांना तिथे अडचण येण्याचा धोका जास्त असतो, आणि तोवर बोलणं सुधारलेलं असल्यामुळे कोणाच्या ते ध्यानात येत नाही.

दोन प्रसंगांत मात्र माझ्याकडे येऊ नका. मूल नीट बोलत होतं आणि बोलणं घटत चाललंय, किंवा आठदहा वर्षांच्या मुलाची जीभ हळूहळू जड होतेय, लाळ गळतेय, अक्षर बिघडलंय, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. फिट्सचे काही प्रकार असे सुरू होतात, आणि शरीरात तांबं साठवणारा विल्सनचा आजारही. त्यावर औषध आहे आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं अधिक वाचतं. एका दिवसात अचानक बोलणं लडबडलं, तोंड वाकडं झालं किंवा डोक्याला मार लागल्यावर शब्द बंद झाले, तर थेट दवाखान्याच्या इमर्जन्सीत न्या.